एक चाक फिरतं, दुसरं का नाही? : जीपच्या डिफरन्शियलचा धडा आणि मागून येणारे आवाज



आजचा धडा पुस्तकातला नाही, चिखलातला आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी मी पाच मुलांना घेऊन तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला निघालो होतो. आमच्या वाडीतून खाली उतरताना एक ओढा लागतो. ओढा पार केला आणि पलीकडच्या चढाला जीप अडकली. माझी जीप जुनी, मागच्या दोनच चाकांना ताकद जाते अशी. मागचं डावं चाक लाल चिखलात होतं, ते गरागरा फिरत होतं आणि चिखल उडवत होतं. उजवं चाक चांगल्या कोरड्या कातळावर होतं, ते जागचं हलेना. सातवीतली एक मुलगी खाली उतरून बघत होती. तिने विचारलं, "सर, डावं चाक एवढं पळतंय, मग उजवं का झोपलंय? ते तर चांगल्या जागेवर आहे."

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मला अर्धवट येत होतं. मी "डिफरन्शियलमुळे" असं म्हणून वेळ मारून नेली. आपण शिक्षक असं पुष्कळदा करतो, एक मोठा शब्द फेकला की मूल गप्प बसतं. त्या शब्दाच्या आत काय आहे ते मला पुढच्या दीड वर्षात बरेच पैसे घालवून आणि एकदा मोठ्या संकटातून थोडक्यात वाचून कळलं. ते सगळं इथे लिहितो आहे. यातले प्रयोग सहावीपासून दहावीपर्यंत कुठेही घेता येतील. मात्र मधला धोक्याचा भाग वाचल्याशिवाय जीपजवळ मुलांना नेऊ नका.

आधी बांबूचा प्रयोग

डिफरन्शियल लागतंच कशाला, इथून सुरुवात करू. दोन मीटरचा बांबू घ्या. एक मूल आतल्या टोकाला, एक बाहेरच्या टोकाला. मैदानावर फक्कीने वर्तुळ काढा. आतल्या मुलाने एक मीटर त्रिज्येवरून अर्धी फेरी मारायची, बाहेरचा आपोआप तीन मीटर त्रिज्येवरून जाईल. दोघांचं अंतर टेपने मोजा. आतल्याचं ३.१४ मीटर, बाहेरच्याचं ९.४२ मीटर. फरक ६.२८ मीटर.

आता आतल्या मुलाला पाच मीटर त्रिज्येवर उभं करा आणि मुलांना अंदाज विचारा, फरक वाढेल की कमी होईल? बहुतेक वर्ग "वाढेल" म्हणतो. काही हुशार मुलं "कमी होईल" म्हणतात. मोजलं तर पुन्हा ६.२८ मीटरच. कारण बाहेरच्या वाटेतून आतली वाट वजा केली की त्रिज्या उडून जाते आणि उरतं ते फक्त बांबूची लांबी गुणिले पाय. वर्तुळाचा परीघ शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आता बांबूच्या जागी जीपचा मागचा एक्सल ठेवा. दोन चाकांमधलं अंतर साधारण १.४ मीटर. काटकोनात वळलं की बाहेरच्या चाकाला २.२ मीटर जास्त चालावं लागतं. माझ्या टायरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, म्हणजे परीघसुद्धा २.२ मीटरच. म्हणजे चौकात एकदा वळलं की बाहेरच्या चाकाची आतल्यापेक्षा बरोबर एक फेरी जास्त होते! दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली असती तर ही एक फेरी कुठूनतरी घासून काढावी लागली असती. टायर झिजले असते, दांडा पिळला असता.

बैलगाडीला हा त्रास नाही, कारण तिथे चाकं आसावर मोकळी फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात. इंजिनाने चाकच फिरवायचं ठरलं तेव्हा ही अडचण उभी राहिली. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकेर या घड्याळजीने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी तिचं उत्तर काढलं, आणि आज रस्त्यावरच्या चारचाकीत मुळात तेच उत्तर आहे.

पोटात काय असतं?

गिअरबॉक्समधून मागे येतो तो लांब दांडा, त्याला गॅरेजवाले जॉइंट म्हणतात. त्याच्या टोकाला लहान दातेरी चाक, पिनियन. पिनियन फिरवतो मोठ्या क्राउनला. क्राउन एका पिंजऱ्याला बोल्टने घट्ट. पिंजऱ्याच्या आत आडव्या खिळीवर लहान स्टार गिअर, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना साइड गिअर. साइड गिअरमधून एक एक्सल डाव्या चाकाला, एक उजव्या चाकाला.

सरळ रस्त्यावर स्टार गिअर स्वतःभोवती फिरतच नाहीत, पिंजऱ्याबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळणावर ते स्वतःभोवती फिरायला लागतात आणि एका चाकाची जेवढी गती कमी होते तेवढीच दुसऱ्याला देतात. गणितात मांडायचं तर दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी म्हणजे क्राउनच्या फेऱ्या. एक चाक पूर्ण थांबलं तर दुसरं क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरणार. ओढ्यात डावं चाक एवढं का पळत होतं, ते इथे कळतं.

पण उजवं का झोपलं होतं? हा फेऱ्यांचा प्रश्न नव्हे, जोराचा. तो मला बैलांच्या जुवावरून कळला, आणि मुलांनाही तसाच पटकन कळतो. जू मधोमध बांधलेलं असतं. एक बैल सैल पडला की जू त्याच्या बाजूने मागे जातं, दुसरा पुढे सरकतो, पण त्याला अंगभर ओढता येत नाही, कारण पलीकडे ताणच नाही. मधोमध बांधलेलं जू दोन्ही बाजूंना सारखाच जोर मागतं. स्टार गिअर म्हणजे असं फिरतं जू. चिखलातलं चाक २०० न्यूटन-मीटरचा पीळ पेलून घसरत असेल, तर कातळावरच्या चाकालाही २००च मिळणार. इंजिनात कितीही ताकद असो, एकूण ४००. चढावर जीपला ६०० लागत असतील तर ती हलणार नाही. उजवं चाक आळशी नव्हतं, त्याच्या वाट्याला जोरच येत नव्हता.

(त्या दिवशी आम्ही कसे सुटलो? मागून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने खालून ओरडून सांगितलं, "गुरुजी, हँडब्रेक थोडा वढा आन् मग रेस द्या!" मला ते उलटंच वाटलं. पण ब्रेक लागला की फिरणाऱ्या चाकालाही काहीतरी पेलायला मिळतं, आणि जेवढं ते पेलतं तेवढंच पलीकडे पोचतं. जीप निघाली. ज्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून मधल्या दांड्यावर असतो तिथे ही युक्ती चालत नाही. नव्या गाड्यांत हेच काम संगणक करतो, घसरणाऱ्या चाकाला परस्पर ब्रेक लावून.)

ट्रॅक्टर चालवणाऱ्या पालकांना यावरचा दुसरा उपाय ठाऊक असतो. टाचेजवळचं एक पेडल दाबलं की डिफरन्शियल लॉक होतं, दोन्ही चाकं एकत्र फिरतात. चिखलणी करताना ते दाबतात आणि वळायच्या आधी सोडतात. न सोडता वळवलं तर काय होतं ते वरच्या बांबूने सांगितलंच आहे.

लिमिटेड स्लिप म्हणजे काय

साधं डिफरन्शियल आणि लॉक यांच्या मधला प्रकार म्हणजे लिमिटेड स्लिप, गॅरेजच्या भाषेत नुसतं 'एलएसडी'. जुवाची उपमा पुढे नेली तर जुवाची दोन्ही टोकं आखूड दोराने मागे गाडीला बांधली, एवढंच. थोडं तिरकं होऊ देतो, फार होऊ देत नाही. १९३०च्या दशकात जर्मनीत शर्यतीच्या गाड्यांची चाकं जागीच घसरायला लागली तेव्हा फर्डिनांड पोर्श यांच्या सांगण्यावरून झेडएफ कंपनीने असं डिफरन्शियल बनवलं. अमेरिकेत १९५६-५७च्या सुमारास ते रस्त्यावरच्या मोटारींत आलं.

त्याच्या जाती बऱ्याच आहेत. साइड गिअर आणि पिंजरा यांच्यात क्लचसारख्या पातळ चकत्या बसवून त्या स्प्रिंगने दाबून ठेवणं, ही सगळ्यात सोपी. माझ्या जीपला तीच बसवली. दुसरी जात तिरक्या दात्यांच्या गिअरांची. त्यात चकत्या झिजायची भानगड नाही, पण तिचा एक विचित्र गुण मुलांना गणितातून छान दाखवता येतो. ती कमी पकडीच्या चाकाला जेवढा जोर लागतो त्याच्या काही पट दुसऱ्याला देते. समजा तीन पट. चिखलातलं चाक २०० पेलत असेल तर दुसऱ्याला ६००, एकूण ८००. पण चाक हवेत लटकत असेल तर? शून्याची तीन पट शून्यच. तिसरी जात महिंद्रा थारमुळे आपल्याकडे ओळखीची झाली, यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल. दोन चाकांच्या फेऱ्यांत मोठी तफावत पडली की ते आपणहून खटकन लॉक होतं. तो 'खट्' आवाज बिघाड नव्हे. तो ऐकून लोक गॅरेजला धावतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

बसवावं का, असं मला अनेक पालकांनी विचारलं. माझं मत विचाराल तर डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या घरच्या गाडीला मुळीच नको. आधी चांगले टायर घ्या, हवा बरोबर ठेवा. ओल्या गुळगुळीत रस्त्यावर एलएसडीमुळे कधीकधी दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीचा मागचा भाग हलतो, याची सवय असावी लागते. शिवाय मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. एकीकडे नवा आणि दुसरीकडे झिजलेला टायर असला तर सरळ रस्त्यावरही चकत्या सतत घासत राहतात. माझ्यासारखा रोज ओढा ओलांडणारा असेल तर त्याच्या उपयोगाचं आहे. मी मे महिन्याच्या सुट्टीत ते बसवून घेतलं आणि त्या पावसाळ्यात जीप एकदाही अडकली नाही, हेही खरं.

आता चुकीची कबुली

एलएसडी बसवायच्या आधी दोन वर्षं मी वर्गाला एक प्रयोग दाखवत असे. मैदानावर जीपचं मागचं एक चाक जॅकने उचलायचं, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. उचललेलं चाक फिरायचं, जीप जागेवर. "बघा, सगळी गती हवेतल्या चाकाला!" मुलं टाळ्या वाजवायची. प्रयोग तेव्हाही शहाणपणाचा नव्हताच, पण साध्या डिफरन्शियलमुळे निभावून जात होता. हवेतलं चाक काहीच पेलत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही.

ऑगस्टमध्ये मी तोच प्रयोग सवयीने पुन्हा केला. आत आता स्प्रिंगने दाबलेल्या चकत्या आहेत हे मला माहीत होतं, पैसे मीच मोजले होते. पण वर्गापुढे उभं राहिलं की आपण जुन्या पाठावर चालतो. क्लच सोडला आणि जमिनीवरच्या चाकाने जोर घेतला. जीप जॅकवरून उडी मारून पुढे गेली. मी ब्रेक दाबला तोवर सहा-सात फूट गेली होती. जॅक आडवा पडला होता. दोन मिनिटांपूर्वी एक मुलगा तिथे, जीपच्या बरोबर पुढे, वही टेकवायला बोनेटपाशी उभा होता. शिपाई मावशींनी त्याला काहीतरी आणायला पाठवलं म्हणून तो तिथे नव्हता.

कुणाला काही लागलं नाही. मुख्याध्यापकांना मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं, आणि पालकसभेतही सांगितलं. रात्री झोप लागली नाही.

तेव्हा लक्षात ठेवा. गाडीत एलएसडी किंवा लॉकिंग डिफरन्शियल असेल आणि एकच चाक उचललेलं असेल, तर इंजिन गिअरमध्ये टाकायचंच नाही. आपल्या गाडीत काय आहे ते पक्कं ठाऊक नसेल तरी नाही. शाळेत तर इंजिन चालू करून कुठलाच प्रयोग नको. पंक्चर काढतानासुद्धा चाक सोडवायला गिअर टाकून झटका देणारे लोक मी पाहिलेत, त्यांनाही हे सांगा.

तोच प्रयोग हाताने, इंजिन बंद ठेवून, सुरक्षित करता येतो. सपाट जमीन, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मागची दोन्ही चाकं उचलून एक्सलखाली पक्के स्टँड. जॅकच्या भरवशावर गाडी ठेवायची नाही आणि गाडीखाली कुणी जायचं नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद, चावी शिक्षकाच्या खिशात. आता एक चाक हाताने फिरवा. साधं डिफरन्शियल असेल तर पलीकडचं चाक उलट दिशेला फिरेल. क्राउन थांबलेलं आहे, म्हणजे सरासरी शून्य, म्हणून एक अधिक तर दुसरं उणे. ऋण संख्या शिकवायला हे चाक मला फार उपयोगी पडलं. चकत्यांचं एलएसडी चांगल्या स्थितीत असेल तर गिअरमध्ये एका हाताने चाक फिरतच नाही. न्यूट्रल केलं की दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात. जुनी जीप विकत घेताना आत काय आहे ते ओळखण्याचीही हीच रीत.

आवाज सुरू झाले

एलएसडी बसवल्यापासून जीप मागून आवाज करत होती. आवाज एक नव्हता, तीन होते, आणि मी ते सगळे मिळून "मागून आवाज येतो" एवढंच सांगत होतो. ज्या गॅरेजने काम केलं त्यांनी आधी दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली. आवाज तसाच. मग म्हणाले, क्राउन-पिनियन गेलं, नवा सेट टाका. तोवर माझा खिसा बराच हलका झाला होता.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटला. दहावीला गणितात दोनदा राहिला होता, मग आयटीआय केलं, आता दुसऱ्या गावात गॅरेज चालवतो. त्याने जीपला हातही लावला नाही. म्हणाला, "सर, चला आधी फिरून येऊ. तुम्ही चालवा, मी ऐकतो." आणि मला प्रश्न विचारत सुटला. आवाज कधी येतो? रेस दिल्यावर की पाय काढल्यावर? वळताना की सरळ? किती वेगाला? गिअर बदलला तर बदलतो का? रस्ता बदलला तर? मी वर्गात निरीक्षण, तर्क आणि पडताळा फळ्यावर लिहून देतो. हा मुलगा ते करून दाखवत होता.

पहिला आवाज हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण कापून वळताना यायचा, घर्रर्-घर्रर्, पाटाखाली. सरळ झालं की बंद. तो म्हणाला, "तेल कुठलं टाकलंय?" गॅरेजने नेहमीचं ८०-९० गिअर तेल टाकलं होतं. चकत्यांच्या एलएसडीला वेगळं तेल लागतं, ज्यात घर्षण सांभाळणारं रसायन मिसळलेलं असतं. का, ते फळ्यावर कळतं. खडू कधी कधी किर्रर् करतो ना? तो फळ्याला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असलं की असं होतं. वळताना चकत्या एकमेकींवरून सावकाश सरकायच्या असतात, साध्या तेलात त्या चिकटत-सुटत जातात. ते रसायन या दोन घर्षणांमधला फरक कमी करतं. आम्ही तेल काढलं, बुचाच्या चुंबकाला करड्या लोण्यासारखा थर होता, ते चालतं. चमकदार तुकडे निघाले असते तर घाबरायचं. योग्य तेल भरलं आणि शाळेच्या मैदानावर सावकाश दहा-बारा इंग्रजी आठ काढले, म्हणजे तेल चकत्यांमध्ये शिरावं. सातव्या-आठव्या आठाला घर्रर् थांबलं. एक सांगून ठेवतो, मागच्या हाऊसिंगचं तेल न विचारता गिअरबॉक्समध्ये टाकू नका. तिथल्या पितळी रिंगांसाठी कंपनीने दुसऱ्या दर्जाचं तेल सांगितलेलं असतं.

दुसरा आवाज, रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना आणि रेस सोडून पुन्हा देताना एकच 'ठण्'. गाडी बंद करून, चाकांना दगड लावून त्याने जॉइंट हाताने पिळून पाहिला. क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर पावडर होती. ग्रीस संपून बेअरिंग गंजल्याची ती खूण. क्रॉस बदलला, ठण् बरंच कमी झालं. हा आवाज एलएसडीचा नव्हताच, आधीपासून असावा. मी तेव्हा ऐकत नव्हतो इतकंच. एखादी वस्तू बदलल्यावर जे जे ऐकू येतं ते सगळं त्या वस्तूच्या माथी मारायची आपली सवय आहे.

तिसरा आवाज खरा त्रासाचा. ५५ ते ६५च्या दरम्यान, रेस दिलेली असताना उंच सूर, ऊंऽऽऽ. पाय काढला की गायब. त्याने मला सरळ रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगाला चौथ्या आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये चालवायला लावलं. इंजिनाचा आवाज बदलला, ऊं तसाच राहिला. म्हणजे इंजिन नव्हे. रस्ता डांबरीवरून सिमेंटचा झाला तरी तसाच, म्हणजे टायर नव्हे. हलकं डावी-उजवीकडे डोलवलं, बदल नाही. चाकाचं बेअरिंग असतं तर वजन एका बाजूला गेल्यावर आवाज वाढला-घटला असता, आणि पाय काढल्यावर इतका साफ गेला नसता. माझी बदललेली दोन बेअरिंगं तिथे आठवली.

इथे मी माझं घोडं पुढे दामटलं. क्राउनला ४१ दाते, पिनियनला १०. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. टायरचा परीघ २.२१ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ७.५४ फेऱ्या. प्रत्येक फेरीला ४१ दाते पिनियनला भेटतात. ७.५४ गुणिले ४१ म्हणजे सेकंदाला ३०९ टकरा. आमच्या संगीताच्या बाईंनी पेटीवर शोधून सांगितलं, मधल्या सप्तकातली काळी दोन, तिची कंपनसंख्या ३११. मोबाइलवर जीपचा आवाज रेकॉर्ड करून पेटीशेजारी वाजवला, आणि सूर जुळला! जॉइंटचा दोष असता तर तो सेकंदाला सुमारे ३१ वेळा आला असता. तो सूर म्हणून ऐकू येत नाही, बुडाखाली थरथर म्हणून जाणवतो. बाईंनी आणखी एक गंमत काढली, ४० वेगाचा आवाज सा धरला तर ६०चा बरोबर पंचम येतो, कारण ४० ला ६० म्हणजे २ ला ३. नववीच्या वर्गाने हा तास अजून विसरलेला नाही.

माजी विद्यार्थी मात्र हसला. "सर, पेटी ठीक आहे, पण उघडून बघावं लागेलच." मागचं झाकण काढलं, दात्यांना पिवळा रंग लावला आणि चाक फिरवून ठसे पाहिले. पिनियनचा ठसा क्राउनच्या दात्याच्या मधोमध पडायला हवा. इथे तो बाहेरच्या, जाड टोकाकडे सरकला होता. डायल लावून मोकळीक मोजली, ०.३५ मिलिमीटर. आमच्या जीपच्या पुस्तकाप्रमाणे ती ०.१३ ते ०.२० हवी. नवा एलएसडी बसवताना क्राउन नव्या पिंजऱ्यावर जातं, तेव्हा बाजूच्या शिम नव्याने मोजून घालाव्या लागतात. कुणीतरी जुन्याच शिम जशाच्या तशा घातल्या होत्या. मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाची चूक, आणि त्यापायी नवा सेट घ्यायला सांगत होते. त्याने क्राउन पिनियनकडे सरकवलं, ०.१७वर आणलं, पुन्हा रंग लावला, ठसा मध्ये आला. राहिलेलं ठण्ही त्याबरोबर गेलं.

ऊं पूर्ण गेला नाही. तीन हजार किलोमीटर दाते चुकीच्या जागी घासले होते, ती झीज परत कशी येणार? पूर्वी गप्पा मारता येत नसत, आता कान दिला तरच ऐकू येतो. "चालू द्या, वाढला तर सांगा," असं तो म्हणाला. मजुरी विचारली तर घेईना. मी जबरदस्तीने खिशात घातली. त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी त्याला काय बोललो होतो ते मला आठवत होतं. त्यालाही आठवत असणार, तो बोलला नाही.

जानेवारीत त्याला शाळेत बोलावलं. डिफरन्शियलचा एक मोडका पिंजरा घेऊन आला, मुलांना स्टार गिअर हातात दिले. ओढ्यावर प्रश्न विचारणारी मुलगी आता आठवीत आहे. तिने स्टार गिअर फिरवून पाहिला आणि विचारलं, "मग दोन्ही चाकं चिखलात असली तर?" तो म्हणाला, "मग एलएसडी पण काही करत नाही. खाली उतरायचं, दगड टाकायचे."